रोपवाटिकेत बायका, बैठकीत कोण?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा ढीग पडायला लागतो. पाच जून, जागतिक पर्यावरण दिन! कुठे वृक्षारोपण, कुठे खाडीची सफाई, कुठे पक्षिमित्रांचा मेळावा, तर कुठे 'स्त्री आणि निसर्ग' या विषयावर परिसंवाद. पत्रिकेवर बहुतेक वेळा एक चित्र असतं. डोक्यावर पदर, हातात रोप आणि चेहऱ्यावर हसू, अशी एखादी आदिवासी बाई. चित्र छानच असतं. पण मला एक खोड आहे. चित्र बघून झालं की मी पत्रिकेच्या तळाशी जाते. तिथे बारीक अक्षरात अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, सदस्य अशी नावं छापलेली असतात. ती मी वाचते. आडनावांसकट वाचते.

तुम्हीही करून बघा. वर चित्रात जी आहे ती खाली यादीत सहसा सापडत नाही. यादीत बाई असलीच तर एखादी, बहुधा शेवटच्या ओळीत, आणि ती साधारण माझ्यासारखी असते. शहरातली, शिकलेली, घरात गाडी असलेली, इंग्रजीतला अहवाल न अडखळता वाचणारी.

या प्रश्नाला इंग्रजीत तीन वजनदार शब्द आहेत. डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लूजन. मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या लेकीसुनांना ते पाठ असतील. आपल्या भाषेत सांगायचं तर, कामाला माणसं कुठून कुठून आली आहेत, आलेल्यांना त्यांचा न्याय्य वाटा मिळतो का, आणि काही ठरवताना त्यांना विचारलं जातं का. बँकेला, शाळेला, कारखान्याला आपण हे विचारतो. निसर्ग वाचवणाऱ्या संस्थांना मात्र फारसं कुणी विचारत नाही. वाघ वाचवणारी, झाडं लावणारी माणसं म्हणजे चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. ती चांगली असतातही हो. पण चांगल्या माणसांच्या घरातही सुनेला शेवटी जेवायला बसावं लागत होतंच की!

थोडं मागे जाऊ या. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांतले सहा युरोपियन आणि दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. त्यांनी आपल्या मुलीला, अन्नपूर्णा तर्खडला, त्या काळात इंग्लंडला पाठवलं होतं. सखाराम अर्जुन हे डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. हो, त्याच रखमाबाई! अजाणत्या वयात लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही, असं कोर्टात ठामपणे सांगणाऱ्या. १८८७ मध्ये 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असा हुकूम झाल्यावर तुरुंग पत्करायला तयार झालेल्या, आणि पुढे लंडनला शिकून डॉक्टर होऊन परतलेल्या. मुलींच्या बाजूने उभे राहणारे असे दोन बाप आपल्याकडच्या निसर्ग-अभ्यासाच्या पहिल्या मोठ्या संस्थेच्या पायाशी होते, ही गोष्ट मला फार आवडते. पण त्या आठांत बाई एकही नव्हती. आणि ज्या कातकरी-ठाकरांना नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखता येत होतं, त्यांच्यातलं तर कुणीच नव्हतं. १८८३ साली ते कुणाच्या मनातही आलं नसणार. ते माफ करू. आज मात्र त्याला १४० वर्षं होऊन गेली आहेत.

आधी सरकारी खात्याचं बघू, कारण आपल्या देशात जंगल राखणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे वनखातंच. भारतीय वन सेवेत पहिल्या महिला अधिकारी आल्या त्या १९८० साली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि मग खाकी घातलेल्या मुली जंगलात दिसायला लागल्या. गुजरातने २००७ पासून गीरमध्ये वनरक्षक म्हणून मुली भरल्या. सिंहिणीच्या पिल्लाला मांडीवर घेतलेले त्यांचे फोटो सगळीकडे झळकले. आपल्या पुरवण्यांनीही ते कौतुकाने छापले. कौतुक व्हायलाच हवं होतं. फक्त कौतुकाचा फोटो छापून झाला की आपलं काम संपतं, तिचं त्या दिवशी सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात एक वनरक्षक मुलगी भेटली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पंधरा-सोळा चौरस किलोमीटरचं बीट तिच्याकडे होतं. जाळरेषा काढणं, पाणवठे भरणं, कॅमेऱ्यांची तपासणी, चोरटी तोड, सगळं तिच्या गळ्यात. मी शहरी बाईला सुचणारा पहिला प्रश्न विचारला, वाघाची भीती नाही वाटत?

"नाही जी मॅडम. वाघ दिसला तर आपण थांबून जायचं, थोड्या वेळानं तो आपल्या वाटेनं जातो. भीती वाटते ते पाळीच्या दिवसात संरक्षण कुटीवर मुक्काम लागला तर."

कुटी म्हणजे एक खोली. सोबत दोन पुरुष वनमजूर. "माणसं चांगली हायेत जी, मोठ्या भावासारखी," ती लगेच म्हणाली. पण संडास नाही, आडोसा नाही, आणि हातपंप लांब. पहाटे अंधारात जंगलात जायचं, तर तीच वेळ अस्वलाची. तिने अर्ज दिला होता. साहेबांनी विचारलं, मग ही नोकरी धरलीच कशाला?

त्या साहेबांनाही मी एकदम खलनायक करणार नाही. त्यांच्याकडेही कुटीच्या दुरुस्तीला पैसे नसतील. पण प्रश्न विचारण्याची तऱ्हा बघा. कुटी बांधली तेव्हा तिथे बाई राहील हे कुणी धरलंच नव्हतं. आता ती आली, तर अडचण कुटीची नाही, बाईची! ३० टक्के जागा कागदावर देऊन झाल्या. पण खोली, वेळापत्रक, गणवेशाचं माप, बदल्यांचे नियम, सगळं जुन्याच मापाचं. लहान मूल असलेली मुलगी जंगलातल्या नाक्यावर रात्रपाळी करते तेव्हा मूल कुठे असतं? बहुतेक वेळा तिच्या आईकडे, तालुक्याच्या गावी. म्हणजे जंगल राखायचं हे काम आणखी एक बाई बिनपगारी करते आहे. तिचं नाव तर कुठल्याच मस्टरवर नाही.

२०२१ हे वर्ष या खात्यातल्या बायकांसाठी फार वाईट गेलं. २५ मार्चला मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपलं आयुष्य संपवलं. धडाडीची अधिकारी म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना 'लेडी सिंघम' म्हटलं होतं. वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाबद्दल त्यांनी पत्रात लिहून ठेवलं होतं. गरोदरपणात आपल्याला जंगलात पायी फिरायला लावलं, असंही त्यात असल्याच्या बातम्या आल्या. संबंधित अधिकाऱ्याला अटक झाली. आरोपांचा निवाडा करणं हे न्यायालयाचं काम आहे, ते माझं नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. गणवेशातली, हाताखाली माणसं असलेली, गावगुंडांना न घाबरणारी बाई जेव्हा म्हणते की मला त्रास होतो आहे, तेव्हा ती नेमकं कुणाला सांगते? तक्रारीचा रस्ता ज्याच्या टेबलावरून जातो तोच तिचा गोपनीय अहवाल लिहिणार असेल तर? 'लेडी सिंघम' म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि तिला एकटीलाच लढायला सोडून देतो. या बिरुदाचा मला तेव्हापासून रागच आला आहे.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ताडोबात कोलारा परिक्षेत्रात स्वाती ढुमणे या वनरक्षक तीन वनमजुरांना घेऊन पायी निघाल्या होत्या. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, तिच्यासाठी पाऊलखुणांचं सर्वेक्षण चाललं होतं. वाघिणीने हल्ला केला आणि स्वाती गेल्या. त्यानंतर मी ऐकलेली प्रतिक्रिया अशी, "म्हणूनच म्हणतो, बायकांना जंगलात पाठवू नये." पुरुष वनरक्षक आणि वनमजूरही वाघांच्या, हत्तींच्या, अस्वलांच्या हल्ल्यात मरतात. तेव्हा 'पुरुषांना जंगलात पाठवू नये' असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. पायी जाणाऱ्या तुकडीत किती माणसं हवीत, त्यांना काय शिकवलेलं हवं, हातात काय हवं, विमा किती हवा, हे प्रश्न स्त्रीचे आणि पुरुषाचे सारखेच आहेत. रोजंदारीवरच्या वनमजुराच्या बाबतीत तर ते जास्तच टोचतात.

खात्यातून आता संस्थांकडे येऊ. इथे माझी अनेक मित्रमंडळी आहेत आणि हा मजकूर वाचून त्यातली काही रुसणार आहेत. रुसू देत.

ओळखीतली एक मुलगी परभणीकडची. वडील एसटीत वाहक. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, कोळ्यांवर, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांवर, जीव. पोरीने घराच्या मागे पडवीत कोळ्यांच्या किती जाती शोधल्या होत्या आणि वहीत पेन्सिलने किती सुंदर काढल्या होत्या! तिने एका नावाजलेल्या संस्थेत उमेदवारीसाठी अर्ज केला. मुलाखत इंग्रजीत. ती अडखळत का होईना पार पडली. मग अटी कळल्या. सहा महिने विनावेतन, राहण्याजेवण्याचं आपलं आपण बघायचं, स्वतःचा लॅपटॉप हवा, कॅमेरा असल्यास उत्तम. फोनवरचा तरुण फार गोड बोलला. "आमच्याकडे पैशासाठी कुणी येत नाही, पॅशन असेल तरच या." वडील तिला म्हणाले, "बाळा, पॅशन सहा महिने जेवू घालतं का?" आज ती एका शिकवणी वर्गात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते.

त्या संस्थेने तिला जात विचारली नाही, की मुलगी म्हणून नाकारलं नाही. कुणी वाईट वागलं नाही. तरीही गाळणी अशी लागली की बरोबर हवी तीच माणसं वर राहिली. ज्यांच्या घरी सहा महिने पगार नसला तरी चूल पेटते, ती. मग दहा वर्षांनी संस्थेचे संचालक भाषणात म्हणतात, ग्रामीण भागातली, मागास समाजातली मुलं या क्षेत्रात येतच नाहीत हो, त्यांना आवडच नाही. आवड नसती तर पडवीतले कोळी वहीत उतरले असते का?

गंमत म्हणजे ही माणसं जैवविविधतेवर रोज बोलतात. एकजात सागाची लागवड म्हणजे जंगल नव्हे, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. खाली गवत हवं, झुडपं हवीत, वेली हव्यात, कुजलेलं लाकूडसुद्धा हवं. मग त्यांच्या कचेरीत शिरलं की एकजात साग!

हे दुखणं एकट्या आपलं आहे असंही नाही. अमेरिकेत डॉर्सेटा टेलर या विदुषीने २०१४ मध्ये तिथल्या १९१ पर्यावरण संस्था, ७४ सरकारी विभाग आणि २८ देणगीदार प्रतिष्ठानांचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय, लॅटिन, आशियाई, मूलनिवासी अशा सगळ्या गौरेतर समाजांचं लोकसंख्येतलं प्रमाण ३८ टक्के. संस्थांच्या कर्मचाऱ्यांत आणि मंडळांवर मात्र ते १६ टक्क्यांच्या वर जात नव्हतं. त्यांनी याला 'हिरवं छत' म्हटलं, डोक्याला लागणारं. आपल्यासाठी त्या अहवालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्या संस्थांत स्त्रिया वाढल्या होत्या, चांगल्या वाढल्या होत्या. पण वाढल्या त्या मुख्यतः गोऱ्या स्त्रिया. आणि अध्यक्षपदं तरीही बहुतांशी पुरुषांकडेच होती.

हे वाचल्यावर मी आपल्याकडच्या याद्या पुन्हा वाचायला घेतल्या, कारण बायका मोजताना आपण नेमक्या इथेच थांबतो. कार्यकारिणीत नऊ जणांत तीन बाया झाल्या की फुलं वाटतो. त्या तिघी एकाच शहरातल्या, एकाच थरातल्या, कधी कधी तर एकाच कॉलेजच्या असतात. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. मीही त्यांच्यातलीच. पण कोरकू, गोंड, कातकरी, पारधी, दलित, मच्छीमार घरातली बाई आली नाही, तर संस्थेत बाई आली असं म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

अमेरिकेत २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर या विषयाची लाट आली होती. जुन्या जुन्या निसर्गसंस्थांनी आपल्या संस्थापकांच्या वर्णद्वेषाबद्दल जाहीर निवेदनं काढली. मग २०२५ च्या जानेवारीत तिथल्या नव्या सरकारने सरकारी खात्यांतले असे कार्यक्रम बंद करण्याचा आदेश काढला. लाट आली आणि ओसरायलाही लागली. आपण त्या लाटेवर अवलंबून राहायचं कारण नाही. आपला प्रश्न आपल्या रानातला आहे.

तुलसी गौडा आठवतात ना? उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हलक्की समाजातल्या. अनवाणी पायांनी राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेलेल्या. १६ डिसेंबर २०२४ रोजी त्या गेल्या. कोणत्या झाडाचं बी कधी गोळा करायचं, रानातलं बियांचं मातृवृक्ष कोणतं, कोणतं रोप कसं जगवायचं, हे त्यांना असं येत होतं की लोक त्यांना 'जंगलाचा ज्ञानकोश' म्हणत. या ज्ञानकोशाने वनखात्याच्या रोपवाटिकेत सुमारे ३५ वर्षं रोजंदारीवर काम केलं. कायम नोकरी मिळाली ती त्यानंतर. ज्ञान होतं ते ३५ वर्षं होतंच. पण ते अक्षरात नव्हतं, पदवीत नव्हतं, म्हणून त्याचा भाव मजुरीचा. आपल्या राहीबाई पोपेरे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या. देशी वाणांचं बियाणं जपलं म्हणून २०२० मध्ये त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली. त्यांना व्यासपीठावर बोलावण्यासाठी संस्थांची रीघ लागते. त्यांना सल्लागार मंडळावर घेऊन, तज्ज्ञाला देतात तेवढं मानधन देऊन, 'पुढच्या पाच वर्षांत आम्ही काय करायचं ते तुम्ही सांगा' असं किती जण म्हणतात?

वाघाच्या मागावर नेणारा कोरकू तरुण, कासवाची अंडी वाळूवरच्या खुणेवरून सांगणारी कोळीण, यांचा उल्लेख अहवालाच्या पहिल्या पानावर कृतज्ञता म्हणून येतो. 'स्थानिकांचे सहकार्य लाभले.' नाव नाही, गाव नाही. मी एकदा एका संशोधक मित्राला विचारलं, शोधनिबंधावर त्याचं नाव का नाही घातलं? तो म्हणाला, "अगं, त्याला इंग्रजी येत नाही." मी म्हटलं, "तुला कोरकू येतं?" त्यावर आम्ही दोघांनी चहा मागवला.

बाया बैठकीत आल्या की खरंच काही फरक पडतो का? अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी हा प्रश्न फार नेटाने तपासला. गुजरात आणि नेपाळमधल्या १३५ वन समित्यांचा अभ्यास करून त्यांनी २०१० मध्ये पुस्तक लिहिलं. एखादी बाई समितीत असली तर ती गप्प बसते. बायका साधारण पाव ते एकतृतीयांश झाल्या की त्या बोलायला लागतात, पदं घ्यायला लागतात. आणि ज्या समित्यांत बायका जास्त, तिथे जंगलाची अवस्थाही जास्त सुधारलेली आढळली. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली, गरीब, भूमिहीन घरातल्या बायका जास्त बोलतात. साहजिक आहे. सरपण ज्यांना रानातूनच आणायचं आहे, त्यांचा जीव त्या बैठकीत अडकलेला असतो.

याचा दाखला आपल्या गावोगावी आहे. पाणलोटाच्या कामात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा ठराव होतो. डोंगर हिरवा होतो, विहिरींना पाणी येतं, पाहुणे बघायला येतात. हे सगळं खरं आणि मोलाचं. पण विहीर ज्याच्या शेतात त्याला पाणी. जिला शेतच नाही, चार शेळ्या आणि रानातली मोळी एवढाच आधार आहे, तिचं बंदीच्या दुसऱ्या दिवशी काय झालं? ठराव झाला त्या सभेत ती होती का? असली तर कुठे बसली होती? महाराष्ट्रात तरी 'गावाने ठरवलं' हे वाक्य ऐकलं की गाव म्हणजे कोणती आळी, हे विचारायची सवय आपल्याला असायला हवी. पाणी सगळ्यांचं आहे हे सांगायला या राज्यात १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला होता.

कायद्याने इथे एक चांगलं पाऊल टाकलंय. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे, आणि गावाच्या वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. म्हणजे एका बाईचं जरी 'नाही' असलं तरी बोलणं पुढे चालू ठेवावं लागतं. वेळ लागतो, कंटाळाही येत असणार. शहरातल्या किती विश्वस्त मंडळांना हा कंटाळा परवडेल?

आणि बाईने नुसतं सामील व्हायचं नाही, कामाची रीतच तिने ठरवायची, असं झालं तर? आसामात हरगीला नावाचा मोठा, बेढब, टकला करकोचा आहे. मेलेल्या जनावरांवर जगणारा, म्हणून अशुभ आणि घाणेरडा मानलेला. दादरा आणि आसपासच्या गावांत लोक त्याची घरटी असलेली झाडं तोडत. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक मुलीने २००७ मध्ये असं झाड पडताना बघितलं, तेव्हा आपली पीएच.डी. बाजूला ठेवून ती गावात जाऊन बसली. उपदेश ऐकून लोक हसले. मग तिने बायकांना गोळा केलं. पदार्थांच्या स्पर्धा, गाणी, मागावर हरगीलाची नक्षी, आणि पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत चक्क त्यांचं डोहाळजेवण! कुठल्या शास्त्रीय आराखड्यात हे बसलं असतं? पण बायकांना ते लगेच कळलं. हरगीला सेनेत आज दहा हजारांहून जास्त स्त्रिया आहेत. त्या गावांतली घरटी २८ वरून अडीचशेच्या वर गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये पूर्णिमाला सन्मान देताना नोंदवलं. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत या पक्ष्याचा धोका कमी झाल्याची नोंद झाली. आपल्याकडे वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून खाडीत होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. जाणाऱ्याने त्यांच्याकडून तिवर आणि चिपीतला फरक ऐकावाच.

या सगळ्यावर एक ठरलेला आक्षेप येतो. "आधी वाघ वाचवू द्या, मग बायका मोजा." दुसरा त्याच्या जोडीला, "जंगलाला जात नसते." जंगलाला नसेलही. पण जंगलात सफाई कोण करतं, जीप कोण चालवतं, भाषण कोण करतं आणि अहवालावर सही कुणाची, याला ती असते. गुणवत्ता हवी यात वादच नाही. फक्त गुणवत्ता मोजायची पट्टी इंग्रजीचीच का, एवढं मला कुणीतरी समजावून सांगावं.

तुम्ही म्हणाल, आम्ही घरात बसून यात काय करणार? तुमच्यापैकी अनेकजणी अशा संस्थांच्या सभासद असतात, मुलाच्या वाढदिवसाला देणगी देतात, सुट्टीत त्यांच्या शिबिरांना मुलांना पाठवतात. पावती घेताना विचारायला पैसे पडत नाहीत. शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या गावातल्या बायकांना दिवसाला किती देता? उमेदवारीवरच्या मुलांना विद्यावेतन आहे का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का, आणि तिच्यातल्या बायकांची नावं क्षेत्रावर काम करणाऱ्या मुलीला माहीत आहेत का? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती बंधनकारक आहे. जंगलातला तंबू, संस्थेची जीप, हीसुद्धा कामाची जागाच. बिनपगारी स्वयंसेवकही त्या कायद्यात येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि वार्षिक अहवाल मराठीत का नाही, हेही विचारा. ज्या गावांबद्दल तो आहे, तिथल्या मुलीला तो वाचता यायला नको?

मी ज्या संस्थेची वर्गणी भरते, तिच्या मागच्या सर्वसाधारण सभेत मी विचारलं होतं की आपण ज्या तीन आदिवासी पाड्यांवर काम करतो, तिथली एक तरी बाई कार्यकारिणीवर घ्यायची का, आणि तिच्या येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज संस्थेने द्यायचा का. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग खजिनदार अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण विषयपत्रिकेत नाही."

यंदाची सभा ऑगस्टमध्ये आहे. विषयाचं पत्र मी आत्ताच, रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. खाली अकरा सभासदांच्या सह्या आहेत.